डावीकडचे सिग्नल

नाना, चटणीपासून सुरुवात करतो, कारण आपली खरी ओळख तिथून झाली.

तुम्हाला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हॉस्पिटलातून घरी आणून तीन आठवडे झाले होते, आणि रोज दुपारी तुम्ही कमलताईंवर रागावत होतात की ही बाई मला चटणी वाढत नाही. कमलताई वाढत होत्या. कधी ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी काकडीची कोशिंबीर, सगळं ताटात डाव्या बाजूला, आपल्याकडे जिथे वाढतात तिथेच. जेवण झाल्यावर ताट उचलताना त्यांना ते जसंच्या तसं दिसायचं. एक दिवस त्या जिना उतरून आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोजवळ, वसुधाजवळ, रडल्या. "समोरची चटणी खात नाहीत आणि वरून मलाच बोलतात. डोक्यावर परिणाम झालाय हो ह्यांच्या."

वसुधा वर गेली, तुमच्यासमोर बसली आणि तिने तुमचं ताट अर्धं फिरवलं.

"आली का चटणी!" तुम्ही म्हणालात. "इतके दिवस संप होता काय?" आणि दोन घास खाल्ल्यावर ओरडलात, "कमल, भाजी कुठाय?"

हे वसुधाने मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती हसत होती. मग हसता हसता थांबली. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तुमच्याबरोबर हॉस्पिटलात आलो. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून सांगितलं, की इजा उजव्या बाजूला आहे. डोळे चांगले आहेत. पण डावीकडेसुद्धा जग आहे, ही गोष्टच मेंदू सोडून देतो. म्हणून तुम्ही फक्त उजव्या गालाची दाढी करत होतात आणि आरशात बघून झकास म्हणत होतात. म्हणून दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा आणि तुम्ही चौकटीला शिव्या द्यायचात.

घरी येताना रिक्षात, बिर्ला मंदिराच्या वळणावर, तुम्ही म्हणालात, "कुलकर्णी, सिग्नल कुठल्या बाजूला असतात माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"डावीकडे," तुम्ही म्हणालात. "सगळा जन्म डावीकडे बघण्यात गेला माझा."

त्याआधी चार वर्षं आपण एका इमारतीत राहत होतो, तुम्ही वर, मी खाली. मी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात बदली होऊन आलेला सांगलीचा माणूस, तुम्ही भुसावळचे, रेल्वेचे ड्रायव्हर, रिटायर होऊन जयपूरलाच राहिलेले. जिन्यात भेटलात की "जय भीम, मोजणीसाहेब" म्हणायचात. मी पहिल्या वर्षी नमस्कार म्हणत असे, दुसऱ्या वर्षापासून जय भीम म्हणायला लागलो. याहून जास्त बोलणं नव्हतं. चार वर्षांत मी तुमच्या घरात एकूण तीनदा आलो असेन. त्यानंतरच्या पाच महिन्यांत किती वेळा आलो ते माझ्या नोंदवहीत आहे: एकशे सात.

तुम्हाला काय हवं होतं, ते तुम्ही पहिल्या आठवड्यातच स्पष्ट सांगितलंत. चालणं नाही, हात नाही, डॉक्टर म्हणतात तसं स्वावलंबनही नाही. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर सकाळी एकट्याने जायचं. तिथे तुमचे रिटायर झालेले रेल्वेवाले जमत. कमलताई तुम्हाला दोनदा हात धरून घेऊन गेल्या होत्या. "ही सोबत असली की सगळे उठून उभे राहतात," तुम्ही म्हणालात. "भाभीजी बैठिए, भाभीजी बैठिए. एक शिवी नाही, एक जोक नाही. मीणा तर माझ्या तब्येतीची चौकशी करतो. तीस वर्षांत त्याने माझी चौकशी केली नव्हती." त्या दोन फेऱ्यांनंतर तुम्ही जाणंच सोडलंत. हात धरून जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं म्हणालात आणि खरोखर घरी बसलात. जेवण कमी झालं. दिवसाचे सोळा-सोळा तास पलंगावर.

तेव्हा पूनमजींनी खेळाचं काढलं. ही फिजिओथेरपीची मुलगी चौमूंहून बसने यायची, आठवड्यातून तीनदा. तुमची मान डावीकडे वळावी म्हणून ती डाव्या बाजूला उभी राहून टाळ्या वाजवी, पेन फिरवी, आणि तुम्ही उजवीकडच्या कॅलेंडरकडे बघत राहायचात. ती मला जिन्यात म्हणाली, "अंकलजी का मन नहीं लगता. मन लगेगा तो गर्दन अपने आप घूमेगी." तिने कुठेतरी वाचलं होतं की परदेशात अशा माणसांना कॉम्प्युटरच्या आतल्या जगात फिरवतात. डोळ्यांवर यंत्र लावतात, माणसाला वाटतं आपण रस्त्यावरच आहोत, आणि पडला-झडला तरी इजा नाही. आपल्याकडे ते यंत्र नव्हतं. पण तुमच्या पुण्याच्या मुलाला मी फोन केला, आणि अविनाशने आठ दिवसांत कॉम्प्युटर पाठवला, एक लांब वायर आणि आगगाडी चालवायच्या खेळाची सीडी. वायरने कॉम्प्युटर तुमच्या मोठ्या टीव्हीला जोडला. तुमची खुर्ची टीव्हीपासून पाच फुटांवर. पडदे ओढले. टीव्हीच्या काचेत इंजिनाची खिडकी दिसायला लागली आणि तिच्यातून पळणारे रूळ.

कुठलातरी परदेशातला मार्ग होता, पण सिग्नल आपल्यासारखेच डावीकडे. तुम्ही दहा मिनिटं नुसते बघत होतात. मग म्हणालात, "खोटी गाडी आहे. फाटकावर माणूस नाही, रुळावर म्हैस नाही, खिडकीतून धूळ नाही."

"मग बंद करू?"

"थांबा हो. ब्रेक कुठला ते सांगा आधी."

आणि तुम्ही गाडी थांबवलीत. तुमचा डावा हात मांडीवर पडलेला होता, उजव्या हाताची दोन बोटं बटणांवर, आणि गाडी अशी थांबली की पडद्यावरचं दृश्य जराही हललं नाही. मी म्हणालो, जोरात दाबलंत तरी चालेल, मागे डबे रिकामेच आहेत. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने बघितलंत की मी पुन्हा कधी तसं बोललो नाही. "प्रवासी आहेत मागं," तुम्ही म्हणालात. "कोणाच्या तरी हातात चहा असेल."

ही गाडी खोटी की खरी, हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तुम्ही तिला खोटी म्हणत राहिलात आणि खरीसारखी चालवत राहिलात. मी तिला औषध म्हणत होतो.

मला तुम्ही असिस्टंट केलंत. इंजिनात दोघं असतात, सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तोच पुन्हा म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. "तुम्ही नाही सांगायचं," तुम्ही बजावलंत. "मी सांगणार. तुम्ही फक्त मागून म्हणायचं. आणि हात वर करून. हात वर करायला लाज वाटते का?" वाटत होती. बावन्न वर्षांचा मी, केंद्र सरकारचा अधिकारी, टीव्हीसमोर हात वर करून "हरा!" म्हणून ओरडत होतो, आणि स्वयंपाकघरातून कमलताई आणि वसुधा हसत होत्या. पण आठवडाभरात लाज गेली. मग तर ऑफिसला जाताना स्कूटरवर चौकातला दिवा दिसला की ओठ हलायला लागले.

लाल पार केल्याचा प्रसंग इथे लिहायलाच हवा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, वहीत चौथ्या, डावीकडचा एक लाल सिग्नल तुम्हाला दिसला नाही आणि गाडी पुढे गेली. खेळात काही झालं नाही, एक शिट्टी वाजली फक्त. मी वहीत "न दिसलेले" या रकान्यात एक रेघ मारली. तुम्ही विचारलंत, "कसली शिट्टी?" मी सांगितलं. तुम्ही चष्मा काढलात आणि उठून पलंगावर जाऊन बसलात.

"नाना, खेळ आहे."

"लाल पार केला की ड्रायव्हर खाली उतरतो. चौकशी होईपर्यंत ड्यूटी नाही. लिहा वहीत."

तुम्ही दोन दिवस खेळाला हात लावला नाहीत. स्वतःला स्वतःच घरी बसवलंत. तिसऱ्या दिवशी मला म्हणालात, चौकशी झाली, ड्रायव्हर दोषी, ताकीद देऊन कामावर घेतलं. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

अट मी घातली होती. कमलताईंनी सरळ माझ्यावर टाकलं: "भाऊ सांगतील तेव्हाच हे एकटे जातील." अविनाशने फोनवर तेच सांगितलं, काका म्हणतील तसं. माझ्या ताब्यात असं कोणाचं काही पहिल्यांदाच आलं होतं, आणि मला एकच पद्धत येते. फेरीत डावीकडचे वीस सिग्नल. त्यांतले अठरा तुम्ही स्वतःहून सांगायचे, लागोपाठ सात दिवस. मग रस्ता.

"अठराच का?" तुम्ही विचारलंत. "वीस का नाही? राहिलेल्या दोन सिग्नलांवर काय मरायचं?"

मी म्हणालो, नव्वद टक्के हा बरा आकडा आहे. तुम्ही म्हणालात, "रेल्वेत नव्वद टक्के चालत नाही हां, मोजणीसाहेब." पण अट मान्य केलीत.

पहिल्या दिवशी वीसपैकी चार. पहिल्या पंधरवड्याच्या शेवटी सात. महिन्याने अकरा. मग आकडा भराभर चढला: चौदा, सोळा, सोळा, अठरा, एकोणीस. मी आलेख काढला आणि तुमच्या भिंतीवर लावला, अर्थात उजव्या भिंतीवर. पूनमजींनी तोंडात बोट घातलं. त्या दिवसांत मी ऑफिसातून निघताना मुद्दाम सांगायचो, आज थांबता येणार नाही, इंजिनवर जायचंय. माझं ब्लड प्रेशर दोन वर्षांत पहिल्यांदा गोळी न वाढवता खाली आलं, तेही मी मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, आणि पूनमजी ते वाचून म्हणाली, "सर, इलाज किसका चल रहा है?" मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्ही त्याचं काहीतरी केलं असतंत, टपरीवर सांगितलं असतंत. पण खरं आहे ते. संध्याकाळी सहा ते सात हा माझ्या दिवसातला एकच तास होता ज्यात मला कोणाला काही सादर करायचं नव्हतं.

सातव्या दिवसाच्या आदल्या दिवशी पूनमजीने एक साधा प्रश्न विचारला. "रूट रोज वही है क्या?"

रोज तोच होता. मला ते एकदाही सुचलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्त्यांतल्या चुका काढणारा मी, आणि एकाच प्रश्नपत्रिकेवर तुम्हाला दोन महिने बसवत होतो. त्या संध्याकाळी मी तुम्हाला न सांगता दुसरा मार्ग लावला.

वीसपैकी सहा.

पहिल्याच सिग्नलला तुम्ही आत्मविश्वासाने "दो पीला" म्हणालात, आणि तिथे सिग्नलच नव्हता. मग गडबडलात. नंतरचे तुम्ही शोधत होतात आणि ते तुमच्या नजरेच्या बाहेरून एकामागून एक निघून जात होते. फेरी संपल्यावर तुम्ही घामाने भिजला होतात. मी वही बंद केली आणि म्हणालो, "नाना, तुम्हाला सिग्नल दिसत नव्हते. पाठ होते."

"मग? पाठच असतात!" तुमचा आवाज इतका चढला की कमलताई बाहेर आल्या. "ड्रायव्हरला मार्ग पाठ असतो, म्हणूनच गाडी चालते. धुक्यात काय दिसतं? धूर, धूळ, पाऊस, काय दिसतं? कुठल्या झाडानंतर सिग्नल आहे ते माहीत पाहिजे, मग डोळा तिथे जातो. नवीन मार्गावर आधी तीन फेऱ्या मारून मार्ग शिकायचा, एक रात्रीची, आणि मग सही करायची की शिकलो. त्याशिवाय कोणी गाडी हातात देत नाही. तुम्ही मला न शिकवलेल्या मार्गावर घातलंत. न सांगता."

"कारण मला बघायचं होतं, तुम्हाला दिसतं का."

"आणि टपरीचा रस्ता? तो मला पाठ आहे का नाही? नऊ वर्षं जातोय."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावर येणारी स्कूटर पाठ नसते."

कमलताई म्हणाल्या, "अहो, हळू बोला." तुम्ही त्यांना म्हणालात, "ह्या माणसाने मला फसवलं." मी म्हणालो, "आकडे फसवत होते, मी नाही." आणि उठून खाली आलो. माझं बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं, मार्ग शिकण्याबद्दल; ते आज कबूल करतो, तेव्हा केलं नाही. न सांगता मार्ग बदलायला नको होता. सांगून बदलला असता तरी आकडा सहाच आला असता, आणि आपण भांडलो नसतो.

चार दिवस मी वर आलो नाही. वहीत ते चार दिवस कोरे आहेत.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी साडेनऊला मी स्कूटर काढायला खाली आलो आणि तुम्ही फाटकात उभे. पांढरा शर्ट इस्त्रीचा, दाढी दोन्ही गालांची, उजव्या हातात काठी. कमलताई वरच्या बाजूला कुठेतरी नळाशी असतील. तुम्ही फाटक ढकललंत आणि बाहेर पडलात.

मी हाक मारू शकलो असतो. तोंड उघडलंसुद्धा. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि तुमच्या मागे निघालो, आणि दहा पावलांत तुमच्या शेजारी आलो. डाव्या शेजारी. आपल्यात तीन फूट अंतर होतं, जास्तीत जास्त साडेतीन. मी माझ्या चपलांचा आवाज होऊ नये म्हणून पाय उचलून टाकत होतो, पण त्याचीही गरज नव्हती बहुधा. तुमच्यासाठी मी तिथे नव्हतोच. दोन महिने मी जे रकान्यात मोजत होतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा तिथे उभं राहून पाहिलं. माणसाच्या इतक्या जवळ असून त्याच्या जगात नसणं काय असतं ते.

रस्ता ओलांडताना पहिल्या निम्म्यात गाड्या उजवीकडून येतात. तो निम्मा तुम्ही उत्तम पार केलात. एक मोटरसायकल जाऊ दिलीत, काठी उचलून एका रिक्षाला थांबवलंत. मधोमध आल्यावर तुम्ही उभे राहिलात. काठीसकट हात वर केलात आणि मोठ्याने म्हणालात, "डावीकडे." मान वळवायला सुरुवात केलीत. मी तुमचं नाक बघत होतो. ते सरळ समोर आलं, टपरीच्या रेषेत, आणि तिथेच थांबलं. तुम्हाला वाटलं असणार की पूर्ण वळली. तुम्ही म्हणालात, "हरा!" आणि पाऊल टाकलंत.

डावीकडून कापडाचे गठ्ठे लादलेली सायकल-रिक्षा येत होती, उतारावर, चांगल्या वेगात.

मी दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिलो. रिक्षावाल्याने ब्रेक दाबले, पाय खाली टेकवून चाक घासत आणलं, आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबला. तो ओरडणार होता. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेने तुमच्याकडे खूण केली. त्याने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गप्प राहिला. त्याच्या मागून एक स्कूटर थांबली. तुम्ही एकेक पाऊल टाकत पलीकडे गेलात.

टपरीवर मोठा गलका झाला. मीणाजी ओरडले, "अबे साळवे! जिंदा है तू?" आणि पुढचं जे ओरडले ते इथे लिहिता येणार नाही. तुम्ही त्याच्या दुप्पट उत्तर दिलंत. बाकावर जागा झाली. कोणी तब्येत विचारली नाही. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, तुमच्या डाव्या बाजूलाच, आणि तुम्ही ग्लास हातात घेऊन असे हसत होतात की मी ते हसणं त्याआधी पाहिलं नव्हतं. मीणाजींनी मला बघितलं होतं. मी हात जोडले, त्यांना काय समजायचं ते समजलं. परतताना ते तुमच्याबरोबर आले, गप्पा मारत, तुमच्या डाव्या अंगाने. मी त्या दिवशी ऑफिसात पाऊण तास उशिरा सही केली.

संध्याकाळी तुम्ही मला निरोप पाठवलात. मी वर आलो तेव्हा तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात, कमलताई रागावलेल्या होत्या आणि तो राग टिकत नव्हता. "ऐकलं का भाऊ, एकटे गेले. मला सांगितलं नाही, काही नाही."

"काढा वही," तुम्ही म्हणालात. "आज खोटी गाडी नाही. लिहा. टपरीचा मार्ग. फेरी एक. एकपैकी एक."

मी पेन काढलं. नाना, मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही. वरिष्ठांनी सांगितलं तेव्हाही नाही, आणि त्याची किंमत म्हणून दोन बढत्या उशिरा मिळाल्या. मी तारीख लिहिली, मार्गाचं नाव लिहिलं, आणि लिहिलं: एकपैकी एक.

"बघा," तुम्ही कमलताईंना म्हणालात, "सरकारी नोंद झाली." मग माझ्याकडे वळलात, "आता सांगा. रोज जाऊ का? हो की नाही? भांडण नको, एका शब्दात."

मी म्हणालो, "रविवारी सांगतो."

"रविवार का?"

"विचार करायला."

"याच्यात विचार कसला? आकडा तर तुम्हीच लिहिलात."

तुम्ही शुक्रवारी सकाळी गेलात. चहा व्हायच्या आधी, पलंगावर, हृदय बंद पडून. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटंही लागली नसतील.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी खोली भरली होती. भंतेजींची वंदना झाल्यावर लोक बोलायला उठले, आणि ज्याने त्याने तीच गोष्ट सांगितली. मीणाजींनी नाही सांगितली, ते खाली बघत बसले होते. पण बाकी सगळ्यांनी. साळवे कसा शेवटच्या आठवड्यात कोणाच्या मदतीशिवाय, छाती काढून, एकट्याने रस्ता पार करून आला. अविनाश ती गोष्ट ऐकताना रडला. तो मला म्हणाला, "काका, वहीचं ते पान मला द्याल का? फ्रेम करून ठेवतो."

मी वही देतो म्हणालो आणि दिली नाही. आठ दिवस रोज टाळलं. शेवटी काल दुपारी वर जाऊन कमलताईंना सगळं सांगितलं, फाटकापासून रिक्षावाल्यापर्यंत. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. मला वाटलं रडतील, किंवा मला बोलतील की ही गोष्ट तरी आमच्याजवळ राहू द्यायची होतीत. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मला का सांगता भाऊ? त्यांना सांगायला हवं होतं तुम्ही."

मी म्हणालो, त्यांचं मन मोडलं असतं.

"मोडलं असतं, मग?" त्या म्हणाल्या. "ह्यांना काय खरं ऐकायची सवय नव्हती? दोन दिवस तोंड फिरवून बसले असते. तिसऱ्या दिवशी तुम्हाला खालून हाक मारली असती."

आज तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिहा म्हणून सांगितलं होतं, मी कमलताईंना विचारलं, हे लिहू का. त्या म्हणाल्या, लिहा, आणि अविनाशला आधी वाचायला पाठवा. तो पान फ्रेम करणार असेल तर खालची दुरुस्ती वाचून करू दे. त्या नोंदीखाली दुरुस्ती मी आज सकाळी केली आहे, लाल पेनने, सहीसकट.

मंगळवारी तुम्ही एकटे नव्हतात, नाना. रिक्षा डावीकडून आली आणि तुम्हाला ती दिसली नाही. रविवारचं माझं उत्तर "नाही" असं होतं. तुमच्या डोळ्यांवर मी भरवसा ठेवला नाही, ते आजही मला बरोबर वाटतं. पण हे ऐकून घेण्याइतके तुम्ही खमके आहात, यावरही ठेवला नाही. खेळात लाल पार झाला म्हणून स्वतःला दोन दिवस घरी बसवणारा माणूस समोर होता, आणि मी त्याला लहान मुलासारखं खूश करून खाली निघून आलो.

सांगितलं असतं तर पुढचंही सांगता आलं असतं. तुम्ही असतात तर ते मी शनिवारभर जुळवत बसलो असतो आणि रविवारी चहाच्या वेळी म्हणालो असतो, की मार्ग पाठ आहे तुम्हाला, मान्य. तीन फेऱ्या मारू. मला नऊ चाळीसपर्यंत वेळ असतो. तुम्ही सिग्नल सांगा, मी मागून म्हणतो. टपरीच्या अलीकडे मी वळून ऑफिसला जाईन, मीणाजींना दिसणारसुद्धा नाही. आणि या वेळी मी उजव्या बाजूने चालेन, तुम्हाला दिसेन असा.